दोघांची राजीखुशी असताना इस्लामची हरकत कशाला?

प्रश्न थोडक्यात असा आहे. दोघं सज्ञान आहेत, दोघांची मनापासून संमती आहे, कुणाची फसवणूक नाही, मूल होऊ नये याची काळजीही घेतलेली आहे. मग निकाहाशिवाय त्यांनी एकत्र येण्याला इस्लाम इतकी कडक मनाई का करतो?

हा प्रश्न विचारणाऱ्यांना सहसा दोन उत्तरं मिळालेली असतात. कुणी म्हणतं, हराम आहे, विषय संपला. कुणी रोगराईची आणि बदनामीची भीती घालतं. पहिल्या उत्तरात श्रद्धा आहे, पण विचारणाऱ्याच्या हाती काही लागत नाही. दुसरं उत्तर तर औषधाच्या दुकानातच मोडून पडतं. रोग टाळता येतो, गर्भ टाळता येतो, मग पुढे काय? मी फिकह, म्हणजे इस्लामी कायदेशास्त्र, शिकवतो, निकाह लावतो, आणि निकाह मोडायला निघालेल्यांचं ऐकूनही घेतो. या सगळ्यातून माझं जे मत पक्कं झालं ते आधीच सांगून टाकतो. शरीरसंबंधातून माणसांवर एकमेकांची जबाबदारी येते, आणि ती संबंधाच्या आधी, साक्षीदारांसमोर, नाव घेऊन पत्करलेली असली पाहिजे, असं इस्लामचं म्हणणं आहे. नंतर जमेल तसं बघू, ही सवलत त्याने कुणालाच दिलेली नाही, पुरुषाला तर नाहीच.

एक गैरसमज आधी दूर करायला हवा. इस्लामला शरीरसुखाचं वावडं आहे म्हणून ही मनाई आली, असं अनेकांना वाटतं, कधी कधी मुसलमानांनाही. उस्मान बिन मजऊन या सहाबींना (पैगंबरांच्या सोबत्यांना सहाबी म्हणतात) आजन्म ब्रह्मचारी राहायचं होतं; पैगंबरांनी (सल्ल.) परवानगी नाकारली. दुसऱ्या एका प्रसंगी तिघे जण आपापले संकल्प सांगत होते: एक रात्रभर नमाज पढणार, एक रोज रोजा ठेवणार, एक कधीच लग्न करणार नाही. पैगंबरांनी त्यांना सांगितलं की मी झोपतोही, रोजा सोडतोही आणि लग्नही करतो. माझ्या वाटेपासून जो तोंड फिरवेल तो माझा नाही. सहीह मुस्लिम या हदीसच्या, म्हणजे पैगंबरांच्या उक्ती-कृतींच्या, संग्रहात याहून पुढची गोष्ट आहे. पत्नीशी केलेला संग हे पुण्यकर्म आहे, असं पैगंबर म्हणाले, तेव्हा सहाबी चकित झाले. वासना भागवायची आणि वर सवाबही मिळायचा? उत्तर आलं: हेच त्याने हराम ठिकाणी केलं असतं तर पाप लागलं असतं ना? मग हलाल ठिकाणी केलं तर पुण्य का लागू नये? कुरआन पती-पत्नीला एकमेकांचा पोशाख म्हणतो (२:१८७, म्हणजे सूरह किंवा अध्याय २, आयत किंवा वचन १८७). नवऱ्याने पत्नीजवळ न जाण्याची शपथ घेतली तर त्याला चार महिन्यांची मुदत आहे; त्यानंतर परत यायचं, नाहीतर तिला मोकळं करायचं (२:२२६-२२७). म्हणजे बाईची इच्छा हा तिचा हक्क मानला आहे. ज्या धर्माला देहाची किळस वाटते तो असे नियम करत नाही.

मग अडचण नेमकी कुठे आहे? त्यासाठी ही मनाई ज्या समाजात आली तो समाज पाहावा लागतो. इस्लामपूर्व अरबस्तानात स्त्री-पुरुष एकत्र येण्याचे चार प्रकार होते, असं पैगंबरांच्या पत्नी हजरत आयशा (रजि.) सांगतात, सहीह बुखारी या हदीससंग्रहात ही रिवायत (कथन) आहे. पहिला प्रकार आजच्यासारखा: मुलीच्या घरच्यांकडे मागणी घालायची, मेहर (नवऱ्याने लग्नात द्यायची रक्कम किंवा वस्तू) द्यायचा, लग्न करायचं. दुसऱ्या प्रकारात नवराच बायकोला अमक्या उमद्या पुरुषाकडे पाठवायचा, कारण त्याच्यासारखं मूल घरात हवं. गर्भ राहिल्याचं स्पष्ट होईपर्यंत तो स्वतः तिच्यापासून दूर राहायचा. तिसऱ्यात दहाच्या आतले पुरुष एका बाईकडे जायचे. मूल झालं की ती सगळ्यांना बोलावून घ्यायची आणि त्यांच्यातल्या एकाचं नाव घ्यायची, त्याला नाकारता यायचं नाही. चौथ्या प्रकारातल्या बायका दारावर निशाण लावायच्या, येणाऱ्याला अडवायच्या नाहीत. मूल झालं की चेहरामोहरा पारखणाऱ्या जाणकाराला बोलावलं जायचं आणि तो ज्याचं म्हणेल त्याचं ते मूल. पैगंबरांनी पहिला प्रकार ठेवला, बाकीचे तीन मोडीत काढले.

या चारांची तुलना नीट करा. बंद झालेल्या तीनपैकी दोन प्रकारांत बाईची राजीखुशी असू शकत होती. मुलाला बापाचं नावही शेवटी कुठून ना कुठून मिळत होतं. तरी ते बंद झाले. त्या तिन्हींत पुरुषाने आधी काहीच कबूल केलेलं नसायचं. दुसऱ्या प्रकारातला पुरुष तर कधीच काही कबूल करायचा नाही. येऊन गेला की मोकळा. तिसऱ्या-चौथ्यात जबाबदारी मागून शोधावी लागायची, कुणाच्या तरी गळ्यात घालावी लागायची. पहिल्यात ती आधी येत होती आणि सगळ्यांना ठाऊक होती.

निकाहाची रचना या नजरेने पाहिली की तिचा प्रत्येक भाग कशासाठी आहे ते कळतं. मुलीची मंजुरी लागते. तिच्या इच्छेविरुद्ध लावलेलं लग्न एका बाईच्या तक्रारीवरून पैगंबरांनी रद्द ठरवलं होतं. दोन साक्षीदार लागतात, म्हणजे उद्या ‘आमच्यात तसं काही नव्हतं’ म्हणायची सोय राहत नाही. बहुतेक फकीहांच्या (इस्लामी कायदेपंडितांच्या) मते वली, म्हणजे मुलीचा पालक, लागतो. हनफी, म्हणजे सुन्नींच्या चार मजहबांपैकी (कायद्याच्या पंथांपैकी) एकाच्या, मतानुसार सज्ञान मुलगी स्वतःचा निकाह स्वतः करू शकते. मेहर लागतो, आणि तो बापाचा नसून तिचा (४:४). खर्च, घर, मुलांचा वारसा, विधवापणातला हिस्सा हे सगळं त्या एका ‘कबूल’मध्ये येतं. कुरआन या कराराला ‘मीसाक-ए-गलीज’, म्हणजे भक्कम वचन म्हणतो (४:२१), आणि ते कुठे म्हणतो तेही पाहण्यासारखं आहे. तलाक देताना बायकोला दिलेला मेहर परत मागणाऱ्या पुरुषाला दटावताना हा शब्द आला आहे: तुम्ही एकमेकांच्या इतके जवळ आलात, तिने तुमच्याकडून भक्कम वचन घेतलं, आता कुठल्या तोंडाने परत मागता? जवळीक झाली की देणं लागतं, हा सगळ्या विषयाचा गाभा त्या एका दटावणीत आहे.

लपवाछपवीचाही वेगळा उल्लेख आहे. सूरह निसा (४:२५) आणि सूरह माइदा (५:५) या दोन्ही ठिकाणी उघड व्यभिचाराच्या जोडीला ‘गुप्त यार’ ठेवण्याला मनाई आहे. एकाच व्यक्तीशी, एकनिष्ठेने, पण चोरून ठेवलेलं नातंसुद्धा यात येतं. तरुण पोरांना हे सगळ्यात जास्त टोचतं. ‘आम्ही एकमेकांशी प्रामाणिक आहोत, मग?’ मी त्यांना विचारतो, प्रामाणिक आहात तर साक्षीदार का नकोत? काहींकडे याचं खरंखुरं उत्तर असतं: घरचे मानत नाहीत, नोकरी नाही, जात आडवी येते, खर्च झेपत नाही. ही उत्तरं मी हलक्यात घेत नाही, त्यांच्याकडे पुढे येतो. पण बऱ्याच जणांकडे उत्तर नसतं, आणि बहुतेकदा ते दोघांपैकी एकाकडेच नसतं. दुसरी व्यक्ती मनातून लग्न धरून बसलेली असते.

आता गर्भनिरोधाची बाजू. मूल होणारच नसेल तर मनाईचं कारण उरतं कुठे, हा युक्तिवाद नवा वाटतो, पण गर्भ टाळणं काही आजचं नाही. पैगंबरांच्या काळात लोक ‘अज्ल’ करत, म्हणजे वीर्य बाहेर सोडत. कुरआन उतरत होता त्या काळात आम्ही अज्ल करत होतो, असं हजरत जाबिर (रजि.) सांगतात. तेव्हा मूल टाळायचा उपाय माहीत होता, वैवाहिक जीवनात तो चालवूनही घेतला गेला. पण त्या उपायासह निकाहाबाहेरचा संबंध चालेल, असं कुणीही म्हटलं नाही. यावरून ही मनाई फक्त ‘बाप कोण’ एवढ्यावर उभी नाही हे दिसतं. वंशाची शुद्धता हे मोठं कारण आहेच. इमाम गजाली (मृत्यू ११११) यांनी शरीअत ज्या पाच गोष्टी जपते असं मांडलं त्यांत धर्म, जीव, बुद्धी आणि संपत्ती यांच्याबरोबर वंश आहे. पण फिकहमध्ये एखाद्या हुकमामागचा हेतू आणि तो हुकूम ज्या गोष्टीला लागू होतो ती गोष्ट, यांत फरक करतात. प्रवासात रोजा सोडायची मुभा त्रास टाळण्यासाठी आहे, पण ती लागू होते प्रवासाला; आरामात प्रवास करणाऱ्यालाही ती मिळते आणि घरी बसून घाम गाळणाऱ्याला नुसत्या घामावर मिळत नाही. तसंच इथे. मनाई त्या कृतीला आहे. एखाद्या जोडीच्या बाबतीत एखादा हेतू लागू पडला नाही म्हणून हुकूम उठत नाही.

मी स्वतः यात आणखी एक गोष्ट मोजतो, आणि ती माझ्याकडे येणाऱ्या माणसांनी मला शिकवली आहे. शरीराची जवळीक माणसाला बांधते. दोघांना सारखीच बांधते असं नाही, एकाच वेळी बांधते असंही नाही. एकाला सवय लागते, दुसऱ्याला आधार वाटू लागतो. संमती दोघांनी एकाच क्षणी दिली तरी तिचा अर्थ दोघांनी वेगवेगळा लावलेला असतो. निकाह हा अर्थ आधी उघड करून घेतो: हे काय आहे, किती काळासाठी आहे, मोडलं तर कुणाला काय मिळेल. मोडण्याचेही नियम आहेत, इद्दत (नातं संपल्यावर पत्नीने पुनर्विवाहाआधी थांबायचा काळ) आहे, खर्च आहे, मेहर आहे. कागद नसलेल्या नात्यात सोडून जाणाऱ्याला मात्र फक्त फोन उचलायचा बंद करावा लागतो.

संमतीबद्दल बोलताना एक प्रसंग सांगितल्याशिवाय राहवत नाही. मुसनद अहमद या हदीससंग्रहात हजरत अबू उमामा (रजि.) यांच्याकडून तो आला आहे. एक तरुण पैगंबरांकडे आला आणि सरळ म्हणाला, मला व्यभिचाराची परवानगी द्या. लोक त्याच्यावर धावून गेले. पैगंबरांनी त्याला जवळ बोलावून बसवलं. विचारलं, हे तुझ्या आईच्या बाबतीत तुला आवडेल? तो म्हणाला, नाही. लोकांनाही आपल्या आईच्या बाबतीत आवडत नाही. मुलीच्या बाबतीत? बहिणीच्या? आत्याच्या? मावशीच्या? दर वेळी तो नाही म्हणाला. मग त्याच्या छातीवर हात ठेवून त्यांनी दुआ केली: या अल्लाह, याचा गुन्हा माफ कर, याचं मन स्वच्छ कर, याचं शील जप. या प्रसंगात नरकाची भीती घातलेली नाही, फटकेही नाहीत. तू ज्या बाईचा विचार करतोयस ती कुणाची तरी आहे, तिला माणसं आहेत, एवढंच त्याला दाखवून दिलं. आज कुणी म्हणेल, बाई कुणाची तरी मुलगी आहे म्हणून का, ती स्वतः माणूस आहे म्हणून तिचा मान ठेवा. मला हा आक्षेप पटतो. पण समोर बसलेला तरुण ज्या वाटेने समजणार होता त्या वाटेने त्याला नेलं गेलं, आणि आजही बहुतेक पुरुषांना तीच वाट आधी दिसते.

कुरआनचे शब्द ‘व्यभिचार करू नका’ असे नाहीत. ‘व्यभिचाराच्या जवळही जाऊ नका, ते निर्लज्ज कर्म आहे आणि वाईट वाट आहे’ असे आहेत (१७:३२). त्यामुळे नजर, एकांत, दुसऱ्याच्या घरात विचारल्याशिवाय शिरणं यांचे नियम येतात. सूरह नूरमध्ये नजर खाली ठेवण्याचा हुकूम आधी पुरुषांना आहे (२४:३०), बायकांना त्यानंतरच्या आयतीत. हा क्रम आपल्या समाजाने उलटा केला. मुलीच्या ओढणीवर तासभर बोलणारी माणसं मुलाच्या डोळ्यांवर मिनिटभरही बोलत नाहीत. कुरआनची शिक्षा दोघांना सारखी आहे आणि निषेधही दोघांचा आहे. मुलगा ‘वयात आलाय, चुकतो’ आणि मुलगी ‘तोंड काळं करून आली’, असा दुहेरी न्याय कुरआनात कुठेही सापडत नाही.

शिक्षेचा विषय निघाला आहे तर तो नीट सांगायला हवा, कारण सगळ्यात जास्त चुकीचं याच बाबतीत बोललं जातं. कुरआनात व्यभिचार करणाऱ्या स्त्री-पुरुषाला १०० फटके सांगितले आहेत (२४:२). विवाहितांसाठी दगडांनी मारण्याची शिक्षा कुरआनात नाही, ती हदीसमधून येते. चारही सुन्नी मजहबांनी ती मानली, खारिजी या सुरुवातीच्या काळातल्या फुटीर पंथाने नाकारली, आणि आधुनिक काळातल्या काही विद्वानांनीही तिच्याबद्दल शंका घेतली आहे. पण पुराव्याची अट पाहा. चार प्रत्यक्षदर्शी साक्षीदार, आणि त्यांनी दोघांना एका खोलीत जाताना पाहून भागत नाही, प्रत्यक्ष संभोग डोळ्यांनी पाहिलेला असला पाहिजे. ज्याने आरोप केला आणि चार साक्षीदार आणले नाहीत त्यालाच ८० फटके, आणि त्याची साक्ष पुन्हा कधी ग्राह्य धरायची नाही (२४:४). खलिफा उमर (रजि.) यांच्या काळात बसऱ्याच्या सुभेदारावर असा आरोप आला. तिघांनी ठाम साक्ष दिली, चौथा शेवटच्या तपशिलावर डगमगला. सुभेदाराला शिक्षा झाली नाही. फटके त्या तिघा साक्षीदारांना बसले.

चार माणसांना दिसावं असा संबंध चार भिंतींच्या आत होत नाही. म्हणजे कायद्याचा हात जवळजवळ फक्त उघड्यावरच्या निर्लज्जपणापर्यंत पोचतो. बंद दाराआड जे घडलं ते पाप आहे, मोठं पाप आहे, पण त्याचा हिशेब माणूस आणि अल्लाह यांच्यात आहे. दुसऱ्याच्या दाराला कान लावायला मनाई आहे: ‘हेरगिरी करू नका’ (४९:१२). माइज बिन मालिक (रजि.) स्वतःहून गुन्हा कबूल करायला आले तेव्हा पैगंबरांनी तोंड फिरवलं, पुन्हा पुन्हा फिरवलं, नुसतं चुंबन घेतलं असशील, स्पर्श केला असशील, असं सुचवूनही पाहिलं. त्यांना कबुली द्यायला पाठवणाऱ्या हज्जालना नंतर पैगंबर म्हणाले, तू त्याला आपल्या कपड्याने झाकलं असतंस तर तुझ्यासाठी बरं झालं असतं.

आणि घरातल्या मुलीवर संशय आला म्हणून तिला मारून टाकणारे? सअद बिन उबादा (रजि.) यांनी हाच प्रश्न विचारला होता. बायकोपाशी परका पुरुष दिसला तर मी चार साक्षीदार आणेपर्यंत थांबायचं? पैगंबर म्हणाले, हो. पुढे पतीसाठी लिआनची तरतूद आली (२४:६-९). पतीने चार वेळा अल्लाहची शपथ घेऊन आरोप करायचा, पाचव्यांदा आपण खोटे असल्यास स्वतःवर अल्लाहची लानत मागायची. मग पत्नीने चार शपथा घेऊन आरोप नाकारायचा, पाचव्यांदा तो खरा असल्यास स्वतःवर अल्लाहचा कोप मागायचा. तिने हे केलं की तिच्यावरची शिक्षा टळली. दोघं वेगळे होतात, तिच्या केसालाही धक्का लागत नाही. नवऱ्याच्या शब्दाइतकंच वजन बायकोच्या शब्दाला आहे. इज्जतीच्या नावाखाली हात उगारणारा भाऊ किंवा बाप हे इस्लामसाठी करतो असं म्हणत असेल, तर त्याने सूरह नूर उघडलेलीच नाही.

जबरदस्तीबद्दलही स्पष्ट सांगतो. जिच्यावर बलात्कार झाला तिच्यावर कसलाही गुन्हा नाही. यावर फकीहांचं एकमत आहे. पाकिस्तानात १९७९च्या हुदूद अध्यादेशाने बलात्कार आणि व्यभिचार एकाच कायद्यात कोंबले, आणि बलात्काराची तक्रार घेऊन आलेल्या बायकाच व्यभिचाराच्या खटल्यात अडकू लागल्या. २००६मध्ये कायदा बदलून बलात्कार पुन्हा दंडसंहितेत नेला गेला. तो मधला काळ शरीअतच्या नावावर लिहिला गेला याचं मला दुःख आहे.

बदनामीचं सांगायचं तर खुद्द हजरत आयशा त्यातून गेल्या. बनू मुस्तलिकच्या मोहिमेवरून परतताना त्यांचा हार हरवला, त्या तो शोधायला गेल्या, तोवर काफिला निघून गेला. मागून येणाऱ्या सफवान बिन मुअत्तल यांनी त्यांना आपल्या उंटावर बसवून पोचवलं. मदिनेत जवळजवळ महिनाभर कुजबुज चालली. मग त्यांच्या निर्दोषत्वाच्या आयती उतरल्या, आणि श्रद्धावानांना विचारलं गेलं: हे कानावर आलं तेव्हाच तुम्ही आपल्या माणसांबद्दल चांगलं का चिंतलं नाही? (२४:१२). अफवा पसरवणाऱ्यांत मिस्तह होते, त्यांना आयशांचे वडील हजरत अबू बक्र (रजि.) पोसत होते. मुलीवर आळ घेणाऱ्याला यापुढे काही देणार नाही, अशी शपथ त्यांनी घेतली. त्यावरही आयत आली: माफ करा, अल्लाहने तुम्हाला माफ करावं असं तुम्हाला वाटत नाही का? (२४:२२). अबू बक्रनी मदत पुन्हा सुरू केली.

दोन अडचणीचे मुद्दे उरतात, ते टाळणं बरोबर नाही. पहिला गुलामगिरीचा. सूरह मोमिनून (२३:५-७) पत्नींबरोबर ‘तुमच्या उजव्या हाताच्या मालकीच्या’ स्त्रियांशीही संबंधाला मुभा देते. हे त्या काळचं जग होतं. त्या संबंधालाही शरीअतने जबाबदारी जोडली: अशा स्त्रीचं मूल स्वतंत्र आणि बापाचा वारस, आणि मालकाच्या मृत्यूनंतर ती स्वतः मुक्त. दासींना वेश्याव्यवसायाला लावायला मनाई झाली आणि जिच्यावर सक्ती झाली तिला क्षमेचं आश्वासन मिळालं (२४:३३). तरी तिच्या संमतीचा प्रश्न त्या काळच्या चौकटीत सुटत नाही, हे मी मान्य करतो. ती व्यवस्था आज जगातून गेली आहे, आणि ती परत आणू पाहणाऱ्यांना मुस्लिम विद्वानांनीच ठणकावून विरोध केला आहे. दुसरा मुद्दा मुतअचा, म्हणजे ठराविक मुदतीच्या विवाहाचा. सुन्नी मतानुसार तो पैगंबरांच्या हयातीतच कायमचा बंद झाला. इसना अशरी (बारा इमाम मानणाऱ्या) शिया मतानुसार तो आजही वैध आहे. मतभेद मोठा आहे, पण शिया फिकहमध्येही त्याला मेहर लागतो, मुदत संपल्यावर इद्दत लागते, आणि झालेलं मूल बापाचं असतं.

निकाहाबाहेर जन्मलेल्या मुलाबद्दल थोडं. ते निष्पाप आहे. ‘कुणीही दुसऱ्याचं ओझं वाहणार नाही’ ही आयत कुरआनात अनेकदा आली आहे. पारंपरिक फिकहनुसार त्याचा वंश आणि वारसा आईकडून चालतो. पण पुरुष स्वतः पुढे येऊन मूल आपलं म्हणत असेल आणि ती दुसऱ्या कुणाची पत्नी नसेल, तर ते त्याच्याच नावाला लावावं, असं इब्न तैमिया यांच्यासह काही विद्वानांनी म्हटलं. मला हे मत पटतं. मुलाला बाप मिळत असताना तो नाकारण्यात कुणाचं भलं आहे?

आता त्या मुलामुलींचं, ज्यांना साक्षीदार हवे आहेत पण मिळत नाहीत. ज्या सूरह नूरमध्ये शिक्षा आहे तिच्यातच समाजाला हुकूम आहे: तुमच्यातल्या अविवाहितांची लग्नं लावून द्या, ते गरीब असतील तर अल्लाह आपल्या कृपेने त्यांना संपन्न करील (२४:३२). ज्याच्याकडे द्यायला काहीच नव्हतं अशा माणसाचा निकाह पैगंबरांनी त्याला पाठ असलेल्या कुरआनच्या मोबदल्यात लावून दिला. ज्याला ऐपत आहे त्याने लग्न करावं आणि ज्याला नाही त्याने रोजे ठेवावेत, असा सल्ला त्यांनी तरुणांना दिला. आपण मात्र हुंडा, मोठाले समारंभ, बिरादरीची अट आणि ‘आधी बहिणीचं होऊ दे’ यांच्यापायी पोरांना तिशीपर्यंत थांबवतो, आणि मग त्यांच्या चारित्र्यावर प्रवचन देतो. लायक स्थळ केवळ जातीसाठी नाकारणारा बाप आणि पोराच्या लग्नात हुंडा मोजणारी आई यांनाही या पापाबद्दल जाब द्यावा लागेल, असं मी मानतो आणि निकाहाच्या खुतब्यात (प्रवचनात) ते बोलूनही दाखवतो. दोघं सज्ञान असतील, चांगल्या घरचे असतील, एकमेकांना पसंत करत असतील, तर माझी पहिली फेरी त्यांच्या आईबापांकडे होते, त्यांच्याकडे नाही.

शेवटी, ज्यांच्याकडून हे घडून गेलं आहे ते विचारतात: आता काय? कुणासमोर कबुली द्यायची गरज नाही, होणाऱ्या जोडीदारासमोरही नाही. अल्लाहने झाकलं ते आपण उघडू नये. नातं थांबवायचं, मनापासून पश्चात्ताप करायचा, पुन्हा तिकडे न जाण्याचा निश्चय करायचा, तौबा एवढीच आहे. अशांची दुष्कृत्यं अल्लाह सत्कृत्यांत बदलतो, हे कुरआनचं वचन आहे (२५:७०). त्याच व्यक्तीशी लग्न करायचं असेल तर करता येतं. मुलगी त्याच्यापासूनच गरोदर असेल तर हनफी आणि शाफई मतानुसार निकाह लगेच होतो. मालिकी आणि हम्बली मतानुसार बाळंतपणापर्यंत थांबावं लागतं. निकाहानंतर सहा महिने उलटून बाळ जन्मलं तर हनफी मतानुसार ते नवऱ्याचंच मानलं जातं. अशा वेळी कुटुंबाने चौकशी समिती नेमू नये, तारखा मोजू नयेत, काझीला बोलवावं आणि निकाह लावावा. मुलगा जबाबदारी टाळून पळत असेल तर मात्र मोठ्यांनी त्याच्या दारात जाऊन बसावं, आणि मुलीला घरातून काढू नये. तिचा खर्च, तिचं बाळंतपण आणि तिच्या मुलाचं पोट हे तिच्या माहेरचं काम आहे, आणि माहेराला झेपलं नाही तर जमातीचं.